एका बंदाची पिशवी

आमच्या कौसाआत्याने मला उभ्या आयुष्यात एकही नवी वस्तू दिली नाही. दर भाऊबीजेला ती काहीतरी द्यायची, अगदी न चुकता, पण ते दर वेळी माझंच असायचं.

हे मी एकदा ऑफिसात सांगितलं, तर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "भारी आयडिया आहे. खर्चा बिलकुल नाही." त्याच्याशी बोलून उपयोग नव्हता. मी एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत बिलांच्या टेबलावर बसतो. दिवाळी जवळ आली की बारदानवाले, ट्रकवाले, छपाईवाले सगळे भेटी घेऊन येतात आणि का कोण जाणे, सगळे भिंतीवरचं घड्याळच देतात. माझ्या घरात अशी सहा घड्याळं आहेत. सहाही आपापल्या मताने चालतात. मला कुणी वेळ विचारली की मी आधी आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते बघतो. यातलं कुठलं घड्याळ कुणी दिलं, हे मला एकाचंही सांगता येणार नाही. आत्याने दिलेली प्रत्येक वस्तू मात्र आठवते. आत्या जाऊन आता दुसरी दिवाळी येतेय. घरात साफसफाई निघाली की बायको सगळ्या खुंट्या मोकळ्या करते, एक सोडून. त्या खुंटीवर एक खाकी पिशवी आहे. तिचं पुढे सांगतोच.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. आष्टीला दिलेली. तिचे यजमान, आमचे मामा, तिथल्या बाजारात शिवणकामाचं दुकान चालवायचे. काजं-बटणं करता करता आत्या त्यांच्याकडून सगळं शिकली आणि मामा गेल्यावर मशीनवर स्वतः बसायला लागली. दातात दोरा धरून बोलायची तिला सवय. दोरा नसला तरी निम्मे शब्द दाताआड राहायचे, त्यामुळे ती रागावलीय की हसतेय हे कळायला समोरच्याला थोडा वेळ लागायचा.

भाऊबीजेला जालन्याला आमच्याकडे आली की ती दारात उभी राहून आधी माणसांकडे नाही, खुंट्यांकडे बघायची. मग कोपऱ्यांकडे. मग कपाटाच्या वर. आणि घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायची, "हिला काय झालं?"

ही म्हणजे छत्री. किंवा चादर. किंवा उशीचा अभ्रा.

"काडी मोडली तिची," अण्णा सांगायचे.

"थकली असंल. चार दिस माहेराला नेते तिला."

माहेर हा तिचा शब्द. सासरी राबून दमलेली लेक चार दिवस माहेरी जाते आणि अंगावर थोडं मांस घेऊन परत येते, तशी आमच्या घरातली मोडकी वस्तू आष्टीला जायची. चार दिवस म्हणजे वर्ष. पुढच्या भाऊबीजेला ती परत यायची. बियाण्याच्या जुन्या कापडी थैल्या धुऊन धुऊन आत्याने मऊ केलेल्या असत, त्यात गुंडाळलेली. थैलीवर कपाशीचं फिकट बोंड छापलेलं. ते पुडकं हातात ठेवताना ती म्हणायची, "घे. तुझंच हाय."

मला हा मान पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी चौथीत होतो. त्याच्या आदल्या दिवाळीत माझ्या दप्तराचा तळ गेला होता. आत्या ते घेऊन गेली आणि मी वर्षभर आईच्या भाजीच्या वायरपिशवीतून पुस्तकं नेली. त्यामुळे वर्गात माझं नाव 'मेथी' पडलं. वर्षाने आत्याने ते पुडकं दिलं, तेव्हा मला वाटलं यात बॅट आहे. पुडकं चौकोनी आणि मऊ होतं, तरी मला वाटलं बॅट आहे. गणितातही माझं असंच व्हायचं. सोडून बघतो तर माझंच दप्तर. मी भोकाड पसरलं.

"रडतो कामून? आत हात घाल," आत्या म्हणाली.

आत, अस्तराच्या मागे, बाहेरून अजिबात दिसणार नाही असा एक चोरखिसा शिवला होता. त्यात मूठभर भाजलेल्या शेंगा.

"हा कशाला?"

"माहेराहून कोन्ही रिकामं येत असतंय का, येड्या?"

हा तिचा दुसरा नियम. वस्तू नुसती दुरुस्त होऊन यायची नाही, काहीतरी वाढवून घेऊन यायची. छत्रीला अडकवायला एक नाडी. सदऱ्याला आतून एक जास्तीचं बटण. रजईच्या कोपऱ्यात थोडे मूग बांधलेले. माझ्या चोरखिशात मी पुढची तीन वर्षं घटक चाचणीचे पेपर लपवले. आत्याच्या कलेचा इतका उपयोग घरात दुसऱ्या कुणी केला नसेल.

तिला ओवाळणी काय द्यायची, याचाही घोळ एकदाच झाला. ती ओवाळत असताना अण्णांनी ताटात नवी साडी ठेवली. आत्याने साडी उचलून आईच्या हातात दिली.

"साड्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून हाय, दादा. मला काम दे."

"काम?"

"तुझ्या घरचं कायतरी माझ्यापाशी असलं की बरं वाटतंय मला. अन् वापस आनून द्यायचं म्हनलं की यायलाच लागतंय. हाय का न्हाई बराबर?"

अण्णांनी जरा विचार केला, खिशातून काडी मोडलेला चष्मा काढला आणि ताटात ठेवला. तेव्हापासून तेच सुरू झालं. दिवा, कुंकू, सुपारी, अक्षता आणि घरातलं त्या वर्षीचं मोडकं. आई कपाळाला हात लावायची. "लोकांच्या नणंदा सोनं नेतात, आमच्या नणंदबाई भंगार नेतात." पण त्याच वर्षी दांडा निखळलेली पळी तिने अण्णांच्या पाठीमागून हळूच ताटात सरकवलेली मी पाहिली आहे.

आत्याच्या हाताला सरसकट यश होतं असं मात्र म्हणवत नाही. एकदा तिने आईच्या कुकरची सैल झालेली रिंग नेली आणि सायकलच्या ट्यूबमधून नवी कापून आणली. बसली एकदम घट्ट. पण आमच्या भाताला महिनाभर पंक्चरच्या दुकानाचा वास येत होता. अण्णा तसाच खायचे. आई शेवटी म्हणाली, "रिंगेला माहेरचं पाणी मानवलेलं दिसत नाही." ते आत्याच्या कानावर गेलं. तिने ते मनाला लावून घेतलं आणि त्यानंतर स्वयंपाकघरातल्या शिट्टीवाल्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. विजेच्या वस्तूला तर तिचा आधीपासून नकार होता. "करंटवाल्याला अन् सेलवाल्याला माहेर नसतंय," ती म्हणायची. माझ्या घड्याळांकडे बघूनही एकदा मान हलवून म्हणाली होती, "एवढी घड्याळं, अन् एकाला बी आपलं म्हनावं असं न्हाई."

अण्णांच्या छत्रीला तिने आईच्या जुन्या साडीचं ठिगळ लावलं होतं. काळ्या छत्रीवर मोरपंखी ठिगळ, आणि ठिगळाला जरीचा काठ. अण्णा ती उघडून जिल्हा परिषदेत जायचे. सहकारी दुरून ओळखायचे आणि म्हणायचे, पैठणी आली. मी नोकरीला लागल्यावर अण्णांना नवी, बटण दाबून उघडणारी छत्री आणली. ती त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवली.

माझं लग्न झालं, त्यानंतरची पहिली भाऊबीज. मीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, या सगळ्याची मी नीट कल्पना दिलेली नव्हती. आत्या दारात उभी राहून खुंट्या तपासायला लागली तशी मीना आत गेली आणि कपाटाचं दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"काय लपवलंस माय?"

एक चादर होती. मीनाच्या आईच्या अंथरुणावरची, मधोमध विरलेली. मीनाची आई लग्नाच्या आधीच गेली होती. मीनाने मुकाट्याने चादर काढून दिली. नव्या सुनेला नाही म्हणता येत नव्हतं. आत्याने ती उलगडली, विरलेल्या जागेतून पलीकडचा उजेड बघितला, नाकाशी धरली आणि पहिल्यासारखी घडी घालून मीनाच्या हातात परत दिली.

"ही न्हाई नेत मी."

"का?" मीनाने विचारलं.

"हिच्यात तुझ्या माहेराचा वास हाय. म्या नेली तं धुवायला लागंल." आणि दातातला नसलेला दोरा तोडल्यासारखं करून म्हणाली, "समदंच शिवायचं नसतंय."

त्या दिवसापासून मीना तिची झाली. पुढे कितीतरी वेळा मला वाटायचं की भाऊबीजेला आत्या आमच्याकडे येते ती भावासाठी नाही, या दोघींना माझी टिंगल करायला सलग तीन दिवस मिळावेत म्हणून.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी राहू दिली याचं कारण ती मलाच फार उशिरा कळली. आत्या भाऊबीजेला एकटी कधी आली नाही. पाडव्याला दुपारी जेवण झालं की अण्णा धुतलेला सदरा घालायचे, हातात बाजाराची खाकी पिशवी घ्यायचे, आणि एसटीने परतूरला आणि तिथून आष्टीला जायचे. रात्री तिथे मुक्काम. भाऊबीजेला सकाळी बहिणीला घेऊन परत. मुराळी म्हणतात याला. सासरच्या लेकीला सणाला न्यायला येणारं माहेरचं माणूस. लेकी नव्या असतात तेव्हा असा मुराळी जातो. अण्णा सत्तरी ओलांडल्यावरही जात होते, आणि तेही अशा बहिणीला आणायला जी दोरे, बटणं, अस्तरं घ्यायला वर्षातून चार-सहा वेळा एकटी जालन्याच्या बाजारात यायची. तेव्हा आमच्या गल्लीतून गेली तर ओट्यावर बसून पाणी प्यायची. आई आत बोलवायची, तर म्हणायची, "आज म्या बाजाराला आल्ते, वहिनी. माहेराला न्हाई."

"अण्णा, तिला फोन करा, ती येईल की बराबर," मी सांगायचो.

"येईल," अण्णा म्हणायचे आणि सदऱ्याची बटणं लावायचे.

मला वाटायचं, अण्णांना ज्येष्ठांच्या सवलतीच्या तिकिटाची हौस आहे. माझी अक्कल सांगितली ना, बॅटच्या वेळीच.

आई आधी गेली. मग काही वर्षांनी अण्णा. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत सण नसतो, म्हणून पहिली भाऊबीज तशीच गेली. दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या आधी फोन केला.

"आत्या, येतेस ना?"

"यंदा नको रे. दुकानात लई गर्दी हाय."

"पाडव्याला दुकान बंद असतं तुझं."

"हौ, पर गुडघा बी हाय न." गर्दी आणि गुडघा यांतलं एक काहीतरी निवड, असं मी म्हणालो. ती हसली नाही. मीनाने फोन घेतला, तिलाही तेच. आम्ही दोघांनी ठरवलं की आत्या थकली. मग मी माझ्या मते फार मोठं काम केलं. मोबाइलवर बघून एक चांगली इरकली मागवली, आष्टीचा पत्ता टाकला आणि 'भेट म्हणून बांधून द्या' यावर खूण केली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, "मिळाली का?"

"हौ. पोरगं आल्तं घिऊन. सही करा म्हनलं, म्या केली."

"आवडली का?"

"चांगली हाय. खोक्यात हाय."

मीना शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुम्ही आत्याला साडी पाठवली की नोटीस?"

तिसरी भाऊबीज जवळ आली तेव्हा मीनानेच डोकं चालवलं. साडीने येत नसेल, तर कामाने येईल. घरातलं काहीतरी मोडकं काढा आणि फोन करा. आम्ही दोघं एका रविवारी मोडकं शोधायला बसलो. घरात एक धड मोडकी वस्तू सापडेना. कुरबुर करणारी प्रत्येक गोष्ट आम्ही एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन बसलो होतो. एक घड्याळ बंद होतं, पण सेलवाल्याला माहेर नसतं. मीनाची ती चादर होती, पण तिच्याकडे मी नुसतं बघितलं तर मीनाने माझ्याकडे बघितलं. राहिली अण्णांची खाकी पिशवी. मामांनी जाड कापडाची शिवलेली, आणि दोन-तीनदा माहेराला जाऊन आलेली. शेवटच्या खेपेला आत्याने तिला दोन्ही बंद नवे लावले होते, मेणाच्या दोऱ्याने, दुहेरी. मी बंद ओढून पाहिला. पाय देऊन ओढला. माझ्या खांद्यातून आवाज आला, बंदातून नाही.

मीनाने कात्री आणली. "कापा."

"चांगला बंद?"

"मग बसा घड्याळं मोजत."

मी कापला. डोळे मिटून कापला, हे मीना अजून सगळ्या पाहुण्यांना सांगते. मग फोन केला.

"आत्या, अण्णांच्या पिशवीचा बंद तुटला."

पलीकडे मशीनचा आवाज थांबला.

"कशानं?"

"कांदे होते."

"किती?"

"पाच किलो," मी ठोकून दिलं.

मशीन पुन्हा सुरू झालं. मग म्हणाली, "बरं. पाठवून दे." आणि फोन ठेवला.

मी मीनाला सांगितलं, आपला बेत फसला, उद्या कुरिअर करतो. मीना भांडी घासत होती. नळ बंद करून वळली.

"आता पिशवी पण सही करून घ्यायला लावता का तिला? अण्णा पाडव्याला काय करायचे हो?"

मी नेहमीप्रमाणे एक वाक्य मागे होतो. पण पोचलो.

पाडव्याला दुपारी जेवलो, धुतलेला शर्ट घातला, आणि पिशवी घेऊन एसटीत बसलो. गाडी अण्णांचीच, दुपारची. परतूरला उतरून दुसरी पकडली. आष्टीत पोचलो तेव्हा आत्या घराच्या ओट्यावर वाती वळत बसली होती. तिचा मुलगा बाळू, दुकान आता तोच बघतो, दारात गाडी पुसत होता. आत्याने सवयीप्रमाणे माझ्याकडे पाहिलंच नाही. हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"आण इकडं."

चष्मा कपाळावर सरकवून तिने कापलेल्या बंदावर बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"कात्री कोन्हाची?"

मी वाकून चपला काढायला लागलो.

"सूत झिजून तुटलं की त्याला मिशा फुटतात. हे सरळ हाय. तुटलं न्हाई हे."

"मीनाची," मी म्हणालो.

"धार चांगली हाय." ती अजून बंदाकडेच बघत होती. "अन् कांदे?"

"दोन किलो होते. पिशवीत नव्हते. घरात होते."

"खोटं बोलायचं तं पोतं तरी म्हनायचं. पाच किलोत माझा बंद तुटला म्हनतो. बाजारात कोन्ही ऐकलं असतं तं दुकान बसलं असतं आमचं."

बाळू फडकं तोंडावर धरून हसत होता. आत्या हसत नव्हती. म्हणजे मला तसं वाटलं, तिचं कळायला वेळ लागायचा.

"चांगला बंद कामून कापलास रे, सुध्या?"

एसटीत बसून मी चांगली चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "तुला न्यायला यायचं होतं. कारण काय सांगणार?"

आत्याने वातींचं तबक बाजूला ठेवलं. पिशवी मांडीवर घेतली. हाताने तिच्यावरची नसलेली धूळ झटकली.

"म्हंजी मुराळी म्हनून आलास व्हय तू."

"हो."

"दोन साल म्हनून राह्यलो मी," बाळू म्हणाला, "गाडीवर सोडतो तुला मामाच्या घरी, तं गुडघा दाखवती. आता बघ कशी उठती."

"तू सोडशील रे. सोडायला कोन्हीबी सोडतंय," आत्या म्हणाली. "न्यायला कोन्ही आलं तं माहेर. न्हाई तं नुसतं जालना हाय ते." मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "दोन साल चंद्राला ओवाळलं म्या. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायची रीत हाय. पर दुजंचा चंद्र, बारीक. ताट घिऊन बाहीर येस्तवर बुडतोय."

मी तिच्या शेजारी ओट्यावर टेकलो. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"ऊठ. हात धू. मुराळ्याला उपाशी ठेवत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या घरात शिरताना ती पुन्हा दारात थांबली आणि खुंट्या बघून घेतल्या. अंगावर इरकली होती. घड्या अजून मोडल्या नव्हत्या. आत आल्यावर तिने मला पाटावर बसवलं. भाच्याला कुठे ओवाळतात, असं मी म्हणालो, तर म्हणाली, "भाच्याला न्हाई ओवाळत. मुराळ्याला ओवाळते. बस सरळ." मी ताटात पिशवी ठेवली. मीना तोंडाला पदर लावून आत निघून गेली. हसायला की कशाला, ते मी विचारलं नाही. आत्याने पिशवीला कुंकवाचं बोट लावलं. "ही थकली न्हाई," ती म्हणाली, "पर नेते."

पुढचं वर्ष पिशवी आष्टीला होती. पुढच्या पाडव्याला मी पुन्हा गेलो. या वेळी कारण लागलं नाही. आत्या वाळली होती, पायऱ्या चढताना माझा दंड धरायची, पण गाडीत खिडकी तिलाच हवी. घरी आल्यावर तिने सगळ्यांना सगळं दिलं. आम्हाला न सापडलेलं मोडकं गेल्या खेपेला तिने बरोबर हुडकून नेलं होतं. मीनाच्या पर्सची चेन आली, माझ्या स्वेटरच्या बाह्या आल्या, बाह्यांना दोन वेगळ्या रंगांची लोकर. खाकी पिशवीचं मात्र नाव नाही. आपली वस्तू मागायची नाही, ही आमच्या घरची रीत. मी तीन दिवस रीत पाळली आणि तीन दिवस तिच्या बोचक्याकडे बघत राहिलो. ती ज्या खोलीत झोपायची तिथे, गव्हाच्या डब्याच्या मागे, तिने काहीतरी झाकून ठेवलं होतं. मीनाला तिथे झाडू मारू देत नव्हती.

निघायच्या दिवशी मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. आष्टीपर्यंत येतो म्हणालो, तर हात झटकून म्हणाली, "न्यायला माणूस लागतंय. जायाला कशाला लागतंय? जाते मी बराबर."

परतूरची गाडी लागली. तिला खिडकीजवळ बसवलं, बोचकं वर ठेवलं, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरून खिडकीखाली उभा राहिलो. कंडक्टर तिकिटं फाडत मागच्या बाकांकडे गेला होता. आत्याने पायाशी ठेवलेलं एक पुडकं उचललं, वरची कपाशीच्या बोंडाची थैली सोडवली आणि खिडकीतून खाली दिलं.

"घे. तुझंच हाय."

खाकी पिशवी. गच्च भरलेली. मी सवयीने बंदाला हात घातला. हाताला एकच बंद लागला. दुसरा मी कापला तसाच होता, सरळ, मिशा न फुटलेला.

"आत्या, बंद?"

"तसाच हाय."

"वर्षभर ठेवून?"

"शिवायला काय, दोन मिंटं लागतात." दाताआडून बोलत होती, आणि मला या वेळी लगेच कळलं की ती हसतेय. "शिवला असता तं पुढल्या साली काय कापशील? तुटका हाय तवर तुला यावंच लागंल."

मी बंदाला धरून पिशवी तोलायला लागलो तशी ती खिडकीतून निम्मी बाहेर आली.

"लोंबवू नको, लोंबवू नको. शीताफळं हायती. कच्ची आनल्ती, तुझ्या घरातच पिकल्यात. खालून धर. दोन्ही हातानं."

मी पिशवी खालून दोन्ही हातांनी उचलून छातीशी घेतली. शर्टातून फळांचा मऊपणा जाणवत होता. घंटी वाजली. गाडी मागे सरली, वळली आणि फाटकाकडे निघाली. आत्या खिडकीतून वळून बघत होती. माझ्याकडे नाही, पिशवीकडे, मी नीट धरलीय का ते. मग तिने हात बाहेर काढून हलवला. मला हलवता आला नाही. दोन्ही हात गुंतले होते.